तेवीस मीटर घायपात

माझा धाकटा भाऊ गेला त्या दिवशी त्याच्या कपाटातलं दोराचं रीळ मी स्वतःच्या हातांनी बाहेर नेऊन दिलं. त्यानंतर चौदाव्या दिवशी तेच रीळ मी पुन्हा दिलं, दुसऱ्या माणसाला. पहिल्या वेळी आपण काय करतो आहोत हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी कळायला हवं होतं.

भाऊ नाशिकच्या अंबडमध्ये एका कारखान्यात टूलरूममध्ये कामाला होता. तिथेच त्याला मित्र भेटला, मालेगावचा, पॉवरलूमवाल्या घरातला. डायव्हिंगचं वेड कुणी कुणाला लावलं याबद्दल दोघं कायम वेगवेगळं सांगायचे. मित्र पुढे नोकरी सोडून घरचे लूम बघायला मालेगावला परत गेला, तरी दरवर्षी दिवाळीनंतर दोघं मिळून वेंगुर्ल्याला जायचे आणि तिथून बोटीनं आत जाऊन एका बुडालेल्या जुन्या आगबोटीवर उतरायचे. ती सव्वीस मीटर खोल आहे. आईला हे सगळं विचित्र वाटायचं. “नाशकात राहून बुड्या मारायला कोकणात जातो,” ती म्हणायची. “रामकुंड काय कोरडं पडलंय?”

निघायच्या आदल्या दिवशी तो पलंगावर जुनी चादर पसरून सगळं सामान मांडायचा. दोन टॉर्च, दोन सुऱ्या, बारीक नायलॉनच्या दोरीचं छोटं रीळ, शिट्टी, बोटीवाल्याला ऊन चमकवून दाखवायला एक छोटा आरसा, नारिंगी रबरी पिशवी. तिला ते फुगा म्हणत. आणि शेवटी, सगळ्यांत जाडजूड, अंबडच्या लेथवर त्यानंच घडवलेलं एक रीळ. त्यावर पिवळट, खरबरीत दोर, घायपाताच्या पानांतल्या धाग्यांचा. त्या दोराला ते नुसतं घायपात म्हणायचे. “घायपात घेतलास का?” हा त्यांचा निघतानाचा शेवटचा प्रश्न असायचा.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पाण्याची मला भीती वाटते, पण कुठलीही गोष्ट कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यानं मला एकदा नीट समजावलं होतं.

“नांगराच्या दोरानं खाली जायचं आणि त्याच दोरानं वर यायचं. पण पाणी गढूळ झालं, सिलिंडरमधली हवा संपत आली आणि नांगरच सापडला नाही, तर?”

“तर काय?”

“तर जिथे असू तिथूनच वर यायचं. फुग्याला दोर लावायचा, फुग्यात हवा भरायची, तो सुटतो वर. इकडे रीळ गरगर फिरतं. फुगा वर पोचला की दोराचं खालचं टोक जहाजाला बांधायचं आणि दोर धरून सावकाश निघायचं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.”

“दोर कशाला? नुसतं पोहत वर नाही येता येत?”

“येतं ना. पण प्रवाह कुठल्या कुठे नेतो. बोटीवाला इकडे शोधतोय आणि तू निघालीस गोव्याला.”

मग मी विचारलं, नायलॉनचा चिवट दोर मिळत असताना हा शेतातला दोर कशासाठी? त्यावर तो खूश झाला. मी योग्य प्रश्न विचारला की तो भुवया उंचावून माझ्याकडे बघायचा. म्हणाला, “कारण हा दोर परत आणायचा नसतो. खालची गाठ सोडायला कोण जाणार? वर आलं की कापून द्यायचा, तळाला जातो. नायलॉन तिथे वर्षानुवर्षं लोंबत राहील, मासे अडकतील, पुढचा माणूस अडकेल. घायपात कुजून जातो.”

दोर तो हरसूलच्या आठवडी बाजारातून आणायचा. तिथे एक म्हातारे बाबा घायपाताचे दोर स्वतः वळून विकतात. घरी आणला की दोघं मित्र पोर्चमध्ये बसून तो रिळावर गुंडाळायचे. कंपाउंडच्या भिंतीवर भावानं निळ्या रंगानं दोन उभ्या रेघा मारल्या होत्या, एकमेकींपासून बरोबर एक मीटरवर. त्यांच्यात दोर ताणून गुंडाळणारा मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि दोर ज्याच्या कमरेला जाणार तो आकडा परत म्हणायचा. “सोळा.” “सोळा.” शाळेतल्या पाढ्यांसारखं. चाळीसपर्यंत. मध्येच फोन वाजला की पहिल्यापासून. मी हसायचे. भाऊ म्हणायचा, “ताई, वजनावर जायचं नाही, रिळाच्या जाडीवर जायचं नाही. ज्याच्या हातात दोर जाणार त्याच्या कानावर आकडा गेला पाहिजे.”

तो गेला मशीनसमोर उभा असताना, सकाळच्या पाळीत. छातीत कळ आली आणि तो खाली बसला, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दुपारी त्याला घरी आणलं.

तिरडी बांधायला काका पुढे झाले. ते गावाहून आले होते, आणि आमच्या घरातलं हे काम नेहमी तेच करतात. दुकानातून आणलेली सुतळी कमी पडली. भाऊ सहा फुटांच्या वर होता, बांबू लांब घ्यावे लागले होते. कुणीतरी नायलॉनची दोरी पुढे केली तर काकांनी ती बाजूला टाकली. दारात येऊन मला म्हणाले, “नायलॉन नाय चालत पोरी, ते जळताना चिकटतं. काथ्या नाय का घरात? सुतळी?”

मी आत गेले. कपाट उघडलं. आणि ते रीळ आणून त्यांच्या हातात दिलं. मला त्या क्षणी इतकंच कळलं होतं की काकांना जळून जाईल असा दोर हवा आहे आणि तसा दोर आपल्या घरात आहे.

काकांनी दोर चाचपून पाहिला. “लय भारी दोर हाय,” ते म्हणाले. टोकाला स्टीलचा हूक होता, तो त्यांनी विळ्यानं कापून पायरीवर ठेवला आणि हवा तेवढा दोर ओढत गेले. किती ओढला ते मी पाहिलं नाही. काम झाल्यावर रीळ माझ्याकडे देत म्हणाले, “उरलेलं टाकून दे. घरात ठेवू नये.”

मी हो म्हणाले आणि ते कपाटात ठेवून दिलं.

राख सावडून आलो त्या दुपारी मला तो हूक दिसला, पायरीच्या कोपऱ्यात. मी तो उचलला, आत जाऊन दाराला कडी लावली आणि दोराच्या टोकाला पुन्हा बांधला. ती गाठ भावानंच मला शिकवली होती. एकदा सुटली, एकदा तिरकी आली, तिसऱ्यांदा अगदी त्याच्या गाठीसारखी जमली. मग दोर काढून पुन्हा गुंडाळला, वेढ्याशेजारी वेढा. माझ्या हाताला त्याच्याइतका जोर नाही. सैल गुंडाळल्यामुळे रीळ पहिल्यासारखंच भरलेलं दिसू लागलं. मला बरं वाटलं. ग्रंथालयात मी जुनी पुस्तकं शिवते. नीट शिवलेलं पुस्तक फडताळात पूर्ण दिसतं, आतली पानं गेली असली तरी.

तेराव्यानंतर मित्र भेटायला आला. तो एकटाच होता. आईशेजारी खाली बसला, चहा घेतला. मग म्हणाला, “आई, मला त्याची एकच वस्तू द्या. घायपात. आम्ही जाणारच होतो यंदा. आता पुण्याचा एक जण आहे सोबत, पण घायपात मी त्याचाच नेणार.”

आई माझ्याकडे बघून म्हणाली, “दे गं त्याला.”

मी रीळ आणून दिलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, गाठीवरून अंगठा फिरवला. बाहेर पोर्चमध्ये जाऊन भिंतीवरच्या दोन रेघांसमोर उभा राहिला. त्याला काय आठवत होतं ते मला दिसत होतं. पण आमच्या घरात त्या दिवशी मोठ्यानं आकडे म्हणायचं त्याच्या तोंडून निघालं नसतं, आणि मीही सुचवलं नाही. त्यानं रीळ पिशवीत ठेवलं आणि तो गेला.

आठ-दहा दिवसांनी भावाची वही माझ्या हाती लागली. शंभर पानी, शाळेतल्यासारखी. बहुतेक पानांवर मशीनची मापं. मध्ये एका पानावर त्याच्या आखीव अक्षरात दोन ओळी होत्या: दोर खोलीच्या दीडपट. त्याहून कमी असेल तर नेऊ नये.

त्या पानानंतर मला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

चाळीसमधून किती गेला? मी आठवून पाहायला लागले. दिवाणखान्यातला दिवाण साधारण तिरडीएवढाच लांब आहे. आई देवळात गेली की मी सुतळीचा गुंडा घेऊन दिवाणाला वेढे घालून बघायचे. बांबूंना आडव्या काटक्या किती होत्या? वरून किती वेळा गुंडाळला? एकदा बारा मीटर आले. एकदा एकोणीस. बारा असले तर दोर पुरेल, एकोणीस असले तर पुरणार नाही. मी पुन्हा मोजायचे. एकदा आई मधेच परत आली.

“दिवाणाला काय बांधतेस?”

“काही नाही. पाय हलतोय त्याचा.”

“पायाला बांध मग. अंगाला काय बांधतेस?”

ग्रंथालयात मी पुस्तकांवर चुकीचे शिक्के मारत होते. चार ओळी वाचल्या की उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी काकांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, “काका, त्या दिवशी दोर किती लागला होता?”

काका हळू आवाजात म्हणाले, “आगं, असलं काय विचारती? ते कुणी मोजीत नसतं.”

“अंदाजे सांगा ना.”

“अंदाज बी घेत नसतात. तू जेवली का? वहिनीला फोन दे बरं.”

मित्रालाही फोन केला. मागे लूमचा खडखडाट इतका होता की तो ओरडून बोलत होता. “बोला ताई! सगळं ठीक?” मी म्हणाले, ठीक. कधी निघताय? तो म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी नाशिकवरून बस, रविवारी सकाळी पाण्यात. मी म्हणाले, सांभाळून जा. आणि फोन ठेवला. मला सांगायचं होतं की दोर तोकडा आहे. पण मग का तोकडा आहे हे सांगावं लागलं असतं. त्याच्या कमरेला जे लटकणार आहे ते तिरडीवरून उरलेलं आहे, टाकून दे असं सांगितलेलं आहे, आणि मी ते हूक बांधून, सजवून त्याच्या हातात ठेवलं आहे. हे खडखडाटात ओरडून कसं सांगायचं?

शुक्रवारी तो नाशिकला येणारच होता. मी स्टँडवर जाऊन थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबणं मला जमेना. सकाळीच मालेगावची एसटी पकडली. पिंपळगाव, चांदवड. रस्ताभर मी पिशवीची दोन टोकं हातांनी ताणत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, “उलटी होते का हो? खिडकीशी बसता का?”

शुक्रवारी मालेगावात लूम बंद असतात. एरवी ज्या गल्लीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही असं भाऊ सांगायचा, तिथे माझ्या चपलांचा आवाज येत होता. मित्राचे वडील ओट्यावर बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर ते उठून उभे राहिले. “या बेटी, या. तो तुमचा भाऊ यायचा तर माझ्या लूमला कान लावायचा. डॉक्टरसारखा. म्हणायचा, अब्बा, ह्याचं बेअरिंग जाणार. आणि जायचं!”

मित्र आतून आला, केस ओले, जाण्याच्या तयारीत. “ताई? तुम्ही इथे?”

मी उभ्यानंच सांगितलं. सगळं, काकांनी टाकून दे म्हटल्यापर्यंत. मध्ये थांबले असते तर पुढचं राहून गेलं असतं. त्याचे वडील ऐकत होते. त्यांनी मान खाली घातली आणि ते आत गेले.

मित्रानं पिशवीतून रीळ काढलं. हूक हातात घेऊन म्हणाला, “ही गाठ तुम्ही मारली?”

“हो.”

“मला त्याचीच वाटली.” त्यानं गाठीवरून पुन्हा अंगठा फिरवला. “म्हणून मी उघडून पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाची गाठ असती तर तिथेच दोर सोडून पाहिला असता.”

इतक्या दिवसांत मी हजार गोष्टींसाठी स्वतःला दोष दिला होता, पण ती गाठ चांगली जमली याचं मला बरं वाटलं होतं.

“चला, मोजू,” तो म्हणाला.

बंद शेडमध्ये लूमच्या दोन रांगांमधल्या बोळात आम्ही दोर सोडला. त्यानं टेप अंथरली. तो मोठ्यानं आकडा म्हणायचा आणि मग माझ्याकडे बघत थांबायचा. पहिल्यांदा मला कळलंच नाही. मग कळलं आणि मी म्हणाले, “एक.” दहा. दहा. पंधरा. पंधरा. वीसनंतर रिळावर दोर विरळ झाला आणि मधला नायलॉनचा पांढरा गाभा दिसू लागला. एकवीस. बावीस. तेवीसला टोक हातात आलं.

आम्ही दोघं जमिनीवरच बसलो.

“सव्वीसवर जहाज,” तो म्हणाला. “फुगा वरून तीन मीटर खाली अडकला असता. आणि वर बोटीवाला बिडी ओढत बसला असता, की अजून कसे आले नाहीत.”

“दुसरं रीळ असतं ना तुमच्याकडे?”

“असतं ना. बारीक नायलॉनचं. तेव्हा मी मेलोच असतो असं नाही.” तो जरा हसला. “पण तुमचा भाऊ म्हणायचा, पहिलं बरोबर असेल तरच दुसऱ्याला दुसरं म्हणायचं.”

“जोड देऊन चालेल का?”

“जोडलेला नेत नाहीत.”

त्यानं पुण्याच्या माणसाला फोन लावला आणि सांगितलं की ह्या वेळी नको, पुढच्या पंधरवड्यात. तो माणूस बराच वेळ कुरकुरत असावा. हा नुसतं ऐकत होता. शेवटी म्हणाला, “अरे बाबा, जहाज बुडालेलंच आहे. आणखी कुठे जातंय?”

त्याच्या वडिलांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना त्यांनी इतकंच विचारलं, “तेवीस मीटरचं काय करणार बेटी?” मी म्हणाले, माहीत नाही. रीळ आणि हूक मित्राकडे ठेवून नुसता दोर मी वेटोळं करून घरी आणला. तो कपाटात आहे. टाकायला मला अजून जमलेलं नाही.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दोरवाले बाबा मित्राला ओळखत होते. माझ्याकडे पाहून त्याला म्हणाले, “तो उंच गडी नाय आला?”

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग विचारलं, “पान्यात?”

“नाही. कामावर.”

“मंग दोर कोन नेतो?”

“मी नेतो,” मित्र म्हणाला.

बाबांनी दोन्ही हात पसरून वावावर दोर मोजायला घेतला. पहिल्या वावाला ते धान्य मापल्यासारखं ‘लाभ’ म्हणाले, मग दोन, तीन. सव्वीस वाव झाल्यावर एक वाव आणखी सोडला. “हे वरचं त्याच्या नावचं,” म्हणाले, आणि आमच्याकडे न बघता दोर कापला.

दोर गुंडाळायला मित्र आमच्या घरी आला. भिंतीवरच्या निळ्या रेघा होत्याच. मी गुंडाळणार होते. आई आत भाजी निवडत होती, तिला आम्ही काय चाललंय ते फारसं सांगितलं नव्हतं. मी मोजत होते, तो मागून म्हणत होता. एकोणतीस. एकोणतीस. तीस. तीस. तेवढ्यात गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला आणि मी मान वळवली.

“एकतीस,” मी म्हणाले.

“तीसच झाले,” आतून आईचा आवाज आला. “ओढल्याचा आवाज कुठे आला? नुसतंच बोललीस.”

आई पोर्चच्या दारात आली, हातात मेथीची जुडी. इतकी वर्षं ती आतूनच मोजत होती हे मला तेव्हा कळलं. आमच्याकडे पाहून म्हणाली, “बघताय काय? काढा सगळा. पहिल्यापासून.”

मी सगळा दोर काढला. पहिल्यापासून चाळीस. ह्या वेळी प्रत्येक आकडा तीन आवाजांत म्हटला गेला. वेढे घट्ट बसावेत म्हणून शेवटी शेवटी मित्रानं दोर ताणून धरला. रीळ पूर्वीपेक्षा बारीक दिसत होतं. हूकची गाठ मी त्यालाच मारू दिली.

तो रविवारी उतरणार होता. भाऊ दरवेळी वर आला की मला फोनवर दोनच शब्द पाठवायचा: वर आलो. त्या सकाळी मी मित्राला काही सांगितलं नव्हतं. मी नळाखाली भांडी घासली, पुस्तकांचं कपाट काढलं, परत लावलं, पुन्हा काढलं. आई म्हणाली, “बस जरा. घर फिरतंय तुझ्याबरोबर.” पण टीव्ही लावून तीही एका वाहिनीवर थांबत नव्हती.

साडेअकरानंतर फोन वाजला. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज होता. मित्र म्हणाला, “ताई, वर आलो.”

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

“लागला का दोर?” तिनं विचारलं.

“नाही आई. नांगरानंच आलो. जसाच्या तसा आहे.”

“मग परत आलास की घेऊन ये,” आई म्हणाली. “पुन्हा मोजून ठेवू.”